खदानीतले मासे आणि बाबांचा घाणा

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता, आणि माझ्या माळकरी बाबांनी मासे पाळायचं ठरवलं. आता बोला!

वडनेरात आमचा तेलाचा घाणा होता. घाणा म्हणायचं ते सवयीनं. तो बैलाचा नव्हता, पट्ट्यावर चालणारं लोखंडी मशीन होतं. वरून सरकी टाकली की खाली तेल गळायचं आणि बाजूनं ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, गरम गरम चकत्या पडायच्या. त्याच आवाजात मी पाढे पाठ केले. पुढं दुकानादुकानात सोयाबीन तेलाची पाकिटं लटकली आणि आमचं गिऱ्हाईक तुटत गेलं. बाबांनी पट्टा उतरवून खुंटीला टांगला. तरी रोज सकाळी कुलूप काढायचे, मशीनवरून फडकं मारायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. मला त्या पाकिटांचा असा संताप यायचा! शेवटी आईनंच भंगारवाल्याला सांगून टाकलं, की होळी झाली की ये आणि मशीन घेऊन जा. बाबा दुसऱ्या दिवशीही फडकं मारायला गेले.

बीटी कापूस येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढतात तिथं, बघावं तिकडं बीटीच्या सरकीची पोती. आणि हायवेच्या कामाला आमच्या वावरातला मुरूम उपसून नेला होता, त्या खदानीत पाणी भरलं होतं. वणा नदीत जाळं टाकणारे एक काका आमच्याकडं यायचे. ते सहज बोलून गेले, "शेठजी, रोहू सोडा ना त्याच्यात. ढेप खाते तो."

"ढेप खाते? मंग तेलबी खाईन!" बाबा ताडकन उठले.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सरकीची ढेप, भाताचा कोंडा आणि वरून सरकीचं तेल, असं खाद्य करायचं. आपले मासे फुगले की आजूबाजूचे तलाववाले खाद्य मागायला येतील, घाणा पुन्हा चालेल. "पोरी, चढव पट्टा!" मी वर्ध्याला बीएस्सीला होते, सुटीत आलेली. मीच पट्टा चढवला. मशीन खडखडलं, थरथरलं आणि सुरू झालं. मी अक्षरशः नाचले.

आईनं कपाळावर हात मारला. "माळ घालून मासे पाळता? लोक काय म्हणतीन?"

"मी खाऊ घालून राह्यलो, खाऊन नाई राह्यलो," बाबा म्हणाले.

पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडली. बाबांना खाऊ घालायची एकच पद्धत ठाऊक, बैलाची. संध्याकाळी घमेल्यात ढेप भिजवायची, चिमूटभर मीठ, वर तेलाची धार, आणि गव्हाणीत ओतावी तशी खदानीच्या एका कोपऱ्यात ओतायची. काकांना विचारलं तर ते हसले. "नदीतल्या माशाले कोण वाढते शेठजी? मले काय माईत?" म्हणजे तिथंही उजेडच!

दसऱ्यानंतर मी पुन्हा सुटीत घरी होते, आभाळ भरून आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पहाटे बाबांनी मला हाका मारून उठवलं. खदानीवर गेलो तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर, एकसारखे आ करत. "पाह्य, पाह्य! भूक लागली त्यायले! मले ओळखून राह्यले!" बाबांचा आनंद मावेना. मीही टाळ्या पिटल्या. आम्ही दोघांनी आणखी एक घमेलं भरून ओतलं.

दुसऱ्या पहाटे काही मासे मरून उताणे तरंगत होते. बाकीचे कडेला येऊन धापा टाकत होते.

गावाला तेवढंच हवं होतं. "बीटीचं तेल पाजलं जी. बोंडअळी मरते त्यानं, मासा काय जगते?" मी चिडून म्हटलं, अळीचं पोट वेगळं, माशाचं वेगळं, जरा पुस्तकं वाचा! एक जण म्हणाला, "मंग मेले काऊन, सांग ना." मी पाय आपटत खदानीकडं निघाले.

बाबा भांडले नाहीत. धोतर खोचून पाण्यात उतरले, ओतायच्या कोपऱ्यातला गाळ मूठभर उचलून त्यांनी नाकाशी नेला. जन्मभर तेल आणि ढेप हुंगलेलं नाक ते! "पोरी, हे तं खाल्लंच नाई त्यायनं. ढेप सडली. बैल गव्हाण चाटून पुसून ठेवते, इथं उरलेलं तळाले गेलं." मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सडक्या ढेपेनं पाण्यातली हवा खाल्ली होती. मासे जेवण मागत नव्हते, श्वास मागत होते, आणि आम्ही त्यांना आणखी ढेप वाढली होती.

डिझेल पंप आणला. खदानीचंच पाणी उचलून उंचावरून खदानीतच सोडलं, धो धो, दिवसभर. संध्याकाळी मासे खाली गेले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्यानंतर बांबूला टोपली बांधून तेल चोळलेल्या कोंडा-ढेपेचे लाडू तिच्यात ठेवायचे, टोपली पाण्यात सोडायची, आणि रिकामी झाल्याशिवाय पुढचा लाडू नाही. काय सांगू, मासे असे वाढले! चकचकीत, बोटांपासून कोपरापर्यंत लांब. बाबा त्यांना "माझे बैल" म्हणायचे.

होळी झाली. काकांनी जाळं ओढलं, काठावर चांदीसारखा ढीग पडला. गाव जमलं, पण पुढं कुणी येईना. भंगारवालाही ठरल्याप्रमाणे गाडी आणि काटा घेऊन आला होता, गर्दी बघून थांबला. काकांच्या बायकोनं, काकूंनी, तिथंच चूल मांडून रस्सा केला. काका जेवले, तर लोक म्हणाले, "त्याचा तं धंदाच हाये. शेठजी, बीटीचा मासा आधी तुमच्या घरानं खावा, मंग आम्ही घेऊ."

 बाबांनी एकदा माशांकडं बघितलं, एकदा त्या गाडीकडं. मग त्यांचा हात सावकाश गळ्याकडं गेला. ते माळ काढत होते!  मी पुढं व्हायच्या आत आईनं काकूंच्या हातातली ताटली ओढून घेतली. जी बाई माशाच्या वासानं पदर नाकाला लावायची, तिनं सगळ्यांदेखत तुकडा तोंडात घातला, नीट चावला, गिळला.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

असा हशा उसळला बाप्पा! बाबांनी माळ गळ्यातच ठेवून हात खाली घेतला. लोक ढिगावर तुटून पडले. तोलायला काही नव्हतं, म्हणून भंगारवाल्याचाच काटा घेतला. घाणा तोलायला आलेला माणूस दुपारपर्यंत मासे तोलत बसला आणि जाताना स्वतःच्या घरालाही एक रोहू घेऊन गेला.

पुढं आजूबाजूचे तलाववाले खाद्य न्यायला येऊ लागले, आणि बाबा होते तोवर घाणा बंद पडला नाही. आईनं परत कधी मासा खाल्ला नाही. कसा लागला होता गं, म्हणून मी तिला फार वर्षांनी विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले काय माईत?" ती म्हणाली. "माह्यं सारं ध्यान त्यायच्या हाताकडं होतं."