सासऱ्यांची बॅटरी

माझ्या सासऱ्यांचा दोन गोष्टींवर विश्वास नव्हता. एक डॉक्टर आणि दुसरी मी. डॉक्टरने त्यांच्या खांद्याकडे बघून वल्हं मारणं बंद करायला सांगितलं. खाडीत गळ टाकायला गेले नाहीत, तर हे गृहस्थ दिवसभर घरात बसून माझ्या आमटीला नावं ठेवणार, हे उघड होतं. तेव्हा दिराने गोव्याहून एक छोटी विजेची मोटर आणली, होडीच्या मागच्या फळीला अडकवायची. घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

मोटरला सासऱ्यांनी आधी ट्रकची जुनी बॅटरी जोडली. ती दोन महिन्यांत आडवी झाली. मग खास हळूहळू वीज देणारी, डीप सायकल बॅटरी आली, आणि ती चार्ज करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भारनियमनाचे दिवस. वीज यायची कधी आणि जायची कधी, ते देवालाही ठाऊक नसे. ॲसिडने माझ्या दोन साड्यांची चाळण झाली. पण कुडाळच्या दुकानदाराने शिकवलं ते मी शिकले. चार्जर काढल्यावर बॅटरीला तासभर विसावा द्यायचा, मग काचेच्या नळीने बॅटरीच्या सहाही घरांतलं पाणी ओढून नळीतला काटा किती वर तरंगतो ते पाहायचं. वर तरंगला तर घर भरलेलं, तळाला बसला तर रिकामं.

सासऱ्यांची पद्धत सोपी. दोन्ही टोकांना पक्कड टेकवायची.

“बघ, ठिणगी कशी उडता! बॅटरीक काय धाड भरली नाय.”

एकदा पाच घरांत काटा वर आला आणि सहाव्यात तळाला जाऊन बसला. मी ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब लावून पाहिला. थोड्याच वेळात तो पिवळा पडला. “मामानू, एक घर मेलला आसा. आज जाव नुको,” मी म्हटलं. त्यांनी पक्कड काढली, ठिणगी पाडली आणि गेले.

ओहोटीला मोटर बंद पडली. उतरत्या पाण्याविरुद्ध वल्हं मारता मारता खांदा पार गेला. शेवटी रेतीच्या होडीने त्यांना बांधून ओढत आणलं, सगळ्या गावासमोर. मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. माझ्या आमटीलाही काही बोलले नाहीत. मग एका सकाळी मी बॅटरीपाशी बसले होते, तर मागे येऊन उभे राहिले. हात गळ्यात बांधलेला.

“बॅटरी काय म्हणता गो? जाव काय आज?”

सासऱ्याने आपल्याला विचारावं म्हणून मी इतकी वर्षं तळमळत होते. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मला रडू आलं. नळीतला काटा तळालाच होता.

“बॅटरी मेली, मामानू. पण जावया. मी वल्हयतंय.”

“तुका येता?”

“नाय. तुमी शिकवा.”

त्या दिवशी होडी खाडीत गोल गोल फिरली, आणि सासऱ्यांनी इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत माझ्या माहेराचा उद्धार केला. मासा एकही लागला नाही. परतताना त्यांनी विचारलं, “उद्या किती वाजता?”