पाण्याचं चित्र

माघातल्या दुपारी दिग्रसच्या एका जिनिंगमागच्या लांबट खोलीत सरकीचा तेलकट, उबदार वास भरून असतो आणि खिडकीतून उतरणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू संथपणे तरंगत राहतात. मोबाईलची अ‍ॅप घडवणारे आम्ही आठ-दहा जण रविवारी तिथे जमतो. आठवडाभर आपापल्या गावी पडद्याशी बोलणारी माणसं त्या दिवशी माणसांशी बोलतात. आमचा एक नियम आहे. ‘माझ्या फोनवर तर चालतं’ असं ज्याच्या तोंडून निघेल, त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. आपली चूक झाकायला आमच्या धंद्यात याहून लाडकं वाक्य नाही.

त्या रविवारी माझ्या गावाहून, बोरी अरबहून निघालो तेव्हा माझ्या खिशात बाबांचा फोन होता. दिवाळीनंतर अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. समज किती उरली ते हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी त्यांच्यासाठी अ‍ॅप लिहिलं: चहा, पाणी, झोप अशी एकाखाली एक चित्रं, आणि बोट ठेवलं की माझ्या आवाजात बोलणारा फोन. पण मी बाहेरून घरात शिरलो की बाबा हमखास झोपच मागत, भर सकाळीसुद्धा. मी त्यांना निजवी आणि ते भिंतीकडे तोंड फिरवीत. बाबा आतून विझले की काय, या भीतीनं मी पोखरून निघालो होतो. घरात कुणापाशी ती बोलून दाखवायची छातीही नव्हती.

रुखसाना ही इथल्या गॅरेजवाल्यांची मुलगी, आमच्यातली सर्वांत चिकित्सक. तिनं फोन घेऊन पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं. “मले झोपाचं हाये,” फोन बोलला. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

“दादा, पाणी दाबलं तं हा झोपाचं काहून म्हणून राह्यला?”

“माया फोनवर तं चालते,” मी म्हणालो, आणि खोलीभर हसू पसरलं.

“चहा मांडा आता,” ती म्हणाली, “अन् बाबाच्या फोनातले अक्षरं पाहा किती मोठे हायेत.”

नजर अधू म्हणून बाबांनी अक्षरं मोठी करून ठेवली होती. त्यानं चित्रं खाली सरकली होती आणि बोट ओळखणाऱ्या जागा मात्र मी आखल्या तिथेच राहिल्या होत्या. दरवेळी मी माझ्याच फोनवर तपासून पाहिलं, आणि शंका घेतली ती बाबांवर. त्यांचं बोट कधी चुकलंच नव्हतं. आल्याचा वास सरकीच्या वासात मिसळत होता आणि मी उकळत्या चहापाशी उभा राहून मुकाट रडत होतो. इतकं हलकं मला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं. चहात साखर दुप्पट पडली, तरी सगळ्यांनी तो पिऊन टाकला.

चूक तिथेच दुरुस्त करून संध्याकाळच्या बसनं घरी आलो, धुळीनं माखलेला. बाबा खाटेवर बसले होते. मी फोन त्यांच्या हाती दिला. त्यांनी सावकाश बोट ठेवलं.

“मले पाणी पाह्यजे.”

मी पेला भरून दिला. त्यांनी तो ओठांना लावला नाही. डाव्या हातानं माझ्यापुढे धरला. बाहेरून आलेल्याला आधी पाणी, ही आमच्या घरात त्यांचीच शिस्त. इतके दिवस ते हेच मागत होते, आणि मी त्यांना निजवत होतो.

पेला रिकामा होईस्तोवर ते माझ्याकडे पाहत राहिले.