मागे गेलेलं पाऊल

करोनाने आमचा फुटबॉलचा हंगाम थांबवला, तेव्हा दोनच सामने उरले होते आणि कोल्हापुरातला आमच्या पेठेचा संघ सगळ्यात पुढे होता. काही महिन्यांनी परवानगी मिळाली. उरलेले सामने खेळायचे की सोडून द्यायचे, हे ठरवायला आम्ही मैदानावर जमलो. तोंडं झाकून, लांब लांब उभे राहून.

"खेळूया की," आमचे प्रशिक्षक अण्णा म्हणाले. "कप आपलाच हाय." आणि त्यांना खोकला आला.

आम्ही सगळेच एक पाऊल मागे सरलो. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर कर्णधार, बुटाची नाडी बांधायलाही मला त्यांनीच शिकवलेलं. तरी माझाही पाय मागे गेला. भीती डोक्याला विचारत नसावी, थेट पायांतच उतरत असावी.

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. "धुळीचा ठसका हाय रं," ते हळूच म्हणाले आणि स्वतःच दोन पावलं मागे गेले. "ऱ्हाऊ दे. हंगाम सोडूया. एकमेकाला भिऊन फुटबॉल खेळता येत न्हाई."

खरोखर ठसकाच होता. अण्णा ठणठणीत राहिले. मी मात्र पुढचे चौदा दिवस त्यांची विचारपूस करायची सोडून रोज स्वतःचाच ताप मोजत होतो.