फाटकाजवळचा कचऱ्याचा डबा

अळी दिसली की माझं डोकंच फिरतं. विंचू परवडला, त्याला चप्पल तरी मारता येते. पण त्या पावसाळ्यात मला अळीची नुसती किळस नव्हती, भीती होती. माझ्या सासूबाईंच्या, ज्यांना मी आईच म्हणते त्यांच्या, पायाच्या अंगठ्याला शुगरमुळे जखम झाली होती. तुमसरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "माशी बसू देऊ नका. जखमेत अळ्या पडल्या तर अंगठा काढावा लागेल." आईंना खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून त्यांची खाट सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, टाकली होती. आणि सपरीच्या पायरीपासून दहा पावलांवर, फाटकाजवळ, आमचा कचऱ्याचा डबा.

एका सकाळी झाकण उघडलं तर आत नुसती वळवळ. कण्या सांडाव्यात तशा अळ्या. दोन तर सपरीच्या पायरीशी पोचल्या होत्या. अगं बाई! मी आधी धावले ती आईंच्या पायाकडे. पट्टी कोरडी होती, तरी मी ती सोडून पुन्हा बांधली.

मग काय, उकळतं पाणी ओतलं, फिनाईल ओतलं, मीठ टाकलं. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "डबाच फेकून दे ना." हो, आणि कचरा काय तुमच्या खिशात ठेवू?

माझा संशय शेजारच्या काकूंवर. त्यांच्याकडे तलावातली मासोळी रोजची, आणि ती साफ करायच्या दारातच. एक दिवस भिंतीवरून बोललेच, "काकू, मासोळीची घाण आमच्या डब्यात टाकता काय?"

काकू हातातलं काम टाकून सरळ आमच्या अंगणात आल्या. "आमची घाण आमी वांग्याच्या बुडाशी पुरतो. तुह्या डब्यात कायले टाकू व? कर पालथा तो डबा."

केला. मासोळीचं एक खवलं निघालं नाही. निघाली ती आंबलेली पेज, भाताची शितं, भाजीची सालं, आणि बुडाशी चार बोटं लगदा.

"हे कोन टाकते?" काकूंनी विचारलं.

मीच की. आमची गाय उन्हाळ्यात विकली होती. तिचं पेजेचं घमेलं जिथं असायचं, तिथंच मी तो डबा ठेवला होता. भाताची पेज काढली की भांडं घेऊन तिकडं जायचं आणि ओतायचं, इतक्या वर्षांची सवय. गायीला घालावं तसं मी त्या डब्याला खाऊ घालत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काकू मात्र खो खो हसल्या. त्यांचा नवरा राइस मिलमध्ये कामाला, त्यांनी अर्धं पोतं तुसाची राख आणून दिली. "डब्याच्या बुडाले छेद पाड, दोन विटांवर ठेव, अन् कचऱ्यावर मूठभर राखड टाकत जाय. पेज झाडाले दे. ओलं नाही तं अळी नाही." तसंच केलं. सुरुवातीला रोज झाकण उघडताना जीव मुठीत असायचा. आत कोरडा, राखेनं माखलेला कचरा दिसला की मी मोठ्यानं म्हणायचे, हुश्श! घंटागाडीवाला माझ्याकडे बघत राहायचा.

दसरा झाल्यावर डॉक्टरांनी पट्टी सोडली. नवी गुलाबी कातडी आली होती. "वाचला अंगठा," ते म्हणाले, आणि मी दवाखान्यातच रडायला लागले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

परतताना ऑटोत मी आईंना खरं सांगून टाकलं. "त्या अळ्या माझ्यामुळेच झाल्या होत्या, आई. मी डब्यात पेज ओतत होती."

"मले माहीत होतं. खाटेवरून दिसत होतं ना रोज."

"मग बोलल्या काहून नाही?"

"गाय गेली तवा तू चार दिस धड जेवली नाही. मले वाटलं, तिच्या आठवणीनं ओतते. कशी टोकू?"

"अंगठा गेला असता ना, आई!"

"गेला असता तं गेला असता. नऊ बोटं राहिली असती."

असा राग आला मला! मी त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.