झाकणाखालचं अक्षर

आपोलोनियाबाई कोर्टात गेल्या त्या मधाची बरणी घेऊन. सरकारी दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही पोलंडच्या पोदलासी भागातल्या जुन्या माणसांची सवय. कारकून बोझेनाने बरणी परत सरकवली.

"काकू, हे उचला आधी, नाहीतर तुमच्यावरच केस व्हायची! आणि मागे काय बसताय? चोरी तुमच्याकडे झाली ना?"

झाली होती. त्यांना लाडाने 'पोला' म्हणणारा नवरा वालेन्ती गेला आणि पुढच्याच वसंतात त्याच्या अकरा मधपेट्या गेल्या. त्या गावातल्याच लुत्सियानच्या बागेत सापडल्या. तो म्हणे, बाजारात विकत घेतल्या! पोलिसांनी लांबूनच फोटो काढले. माश्यांपुढे कसली आलीय वर्दी. सगळ्या पेट्या दिसायला सारख्या. बाईंना त्या ओळखून घरी न्यायच्या होत्या, पण कोर्टात आपलं कोण ऐकणार?

"वकील कुठून आणू गं? पेन्शन सरपणातच जाते."

"वकील नको, फी नको. आरोप वाचायच्या आधी उठून म्हणा, मला सहफिर्यादी व्हायचंय. मग सरकारी वकिलांशेजारी बसा, लुत्सियानला हवं ते विचारा. वाचन सुरू झालं की संपलं हं!"

बाई जन्मभर चर्चमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर बसलेल्या. सरकारी वकिलांनी कागद उचलला तरी पाय हलेनात. बोझेनाने डोळे वटारले, तेव्हा कुठे त्या उठल्या.

"थांबा! मला पण फिर्यादी व्हायचंय!"

न्यायाधीशबाईंनी हसू दाबून पुढची खुर्ची दाखवली. पुढे लुत्सियानची पाळी आली तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"झाकणांना आतून काय आहे रे?"

"काय असणार? लाकूड!"

"उघडून बघा, बाईसाहेब," त्या न्यायाधीशबाईंना म्हणाल्या.

पुढच्या तारखेला एक झाकण टेबलावर आलं. आतून पेन्सिलीने लिहिलेलं वालेन्तीचं बारीक अक्षर. लुत्सियानच्या वकिलाने मान खाली घातली. न्यायाधीशबाईंनी मोठ्याने वाचलं, "बारा जून. राणीमाशी ठणठणीत. पोलाच्या ओठाला माशी चावली, तोंड भोपळ्याएवढं झालंय. हसायचं नाही."

सगळं कोर्ट हसलं. पेट्या घरी येणार हे बाईंना कळून चुकलं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ओठावर बोट टेकवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या,

"हसला होता हो. पोट धरधरून हसला होता."