मास्तरांना न दिसलेला जॅब

मास्तर बॉक्सिंगच्या हॉलची फरशी पुसायचे, खेळाडूंच्या हातांना पट्ट्या बांधायचे आणि जॅबबद्दल कुणी उलटसुलट बोललं की त्याची बिनपाण्यानं हजामत करायचे. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. दिसायला साधा, पण सगळा खेळ त्याच्यावर. "जगात भारी जॅब कुणाचा?" एवढं कुणी विचारायचा अवकाश, मास्तरांच्या हातातलं फडकं बादलीत पडलंच! मग जुने अमेरिकन बॉक्सर एकेक करून यायचे. लिस्टनचा जड, दारावर ओंडका आदळावा तसा. अलीचा खालून, कमरेजवळून उठायचा, कळायच्या आत नाकावर. "पण लुई!" म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. "आखूड, हनुवटीपासून सरळ. माझं मत विचाराल तर लुईच." कुणी होम्सचं नाव काढलं की मग भांडण ठरलेलं. मत कुणी विचारलेलं नसायचं, ती गोष्ट वेगळी.

हे ऐकत ऐकतच त्यांची मुलगी मोठी झाली. आई लवकर गेली, तिला बाप तेवढा एक. सकाळी लॉन्ड्रीत इस्त्री, संध्याकाळी सराव. वय पंचविशीला टेकलेलं. अशात संघनिवडीची लढत आली. जिंकली तर देशाच्या संघात. हरली तर पुढच्या खेपेला कोण विचारतो? रिंगणात तिच्या कोपऱ्यात, दोन फेऱ्यांच्या मधे सल्ला द्यायला, उभे राहणार अर्थात मास्तरच.

आणि इथंच माशी शिंकली. मास्तरांना दिसत नव्हतं. तरुणपणी खाल्लेल्या ठोशांनी एक डोळा केव्हाच घालवला होता. वर्षभरात दुसराही धुरकटला. हातभर अंतरावरचं ठीक, त्यापलीकडे नुसत्या सावल्या. डॉक्टर म्हणाले, पडदा गेलाय, आता इलाज नाही. मास्तरांनी हे लेकीलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो कोपरा हातचा गेला असता, आणि त्याच्याशिवाय त्यांच्याकडे होतं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची! अहो, पण झाकायची तर स्वतःच्या जिवावर झाकावी, पोरीच्या नव्हे. राग येतो या माणसाचा, अजून येतो.

पहिली फेरी संपली. मुलगी स्टुलावर येऊन बसली, नाकातून रक्त. "बाबा, तिचा जॅब लागतोय. नक्की येतो कुठून?"

मास्तरांना दोन सावल्या दिसल्या होत्या, बस. पण चाळीस वर्षं जॅबवर बोललेला माणूस "माहीत नाही" कसं म्हणणार? जीभ आपोआप चालली. "खालून येतोय, कमरेपासून. अलीची पद्धत. उजवा हात खाली घे, वर येतानाच अडव."

"मला तर सरळ हनुवटीपासून येताना दिसतोय."

"दिसतं तसं नसतं, पोरी. माझं ऐक."

ऐकलं तिनं. हात खाली घेतला. समोरचीचा जॅब खरोखर हनुवटीपासून सरळच येत होता, आता तर त्याला रस्ता मोकळा मिळाला. दुसऱ्या फेरीत मास्तरांना ते आवाजावरून कळलं. ठोसा ग्लोव्हवर बसला की गालावर, हे त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. फेरी संपल्यावर "हात वर घे" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मग ती विचारणार, मघाशी उलटं का सांगितलंत? मास्तर तिच्या तोंडावरचं रक्त पुसत राहिले. "बरोबर चाललंय," म्हणाले. तिसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली होती, चेहरा सुजलेला, एक डोळा पूर्ण मिटलेला. मास्तर शेजारी बर्फाची पिशवी धरून.

"बाबा, खरं सांगा. खालूनच येत होता ना?"

आता तरी बोला हो! अजून कशाला अडलं होतं? लढत तर गेलीच होती.

"हो. खालूनच."

"मग माझ्याच नजरेत खोट आहे. शेवटपर्यंत मला तो सरळच दिसला. ज्याला समोरचा ठोसा कळत नाही, त्यानं रिंगणात कशाला उतरायचं?" तिनं हातांच्या पट्ट्या सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि बापाच्या मांडीवर ठेवल्या. "या दुसऱ्या कुणाला तरी बांधा. मी नाही येणार आता."

मास्तरांनी पट्ट्या घेतल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही.