रिकाम्या भांड्यातलं शिसं

श्यामकांतकाका फरीदाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत दगडाच्या चुऱ्यातून झिरकॉनचे कण वेचायचे. सूक्ष्मदर्शकाखाली, सुईने, एकेक. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियम पोटात घेतो, शिशाला मात्र थारा देत नाही. पुढे त्यात जे शिसं सापडतं ते त्या युरेनियमपासूनच झालेलं असतं, आणि त्यावरून दगडाचं वय निघतं. बाहेरचं कणभर शिसं मिसळलं, तर महिन्याच्या मेहनतीवर पाणी. म्हणून कण आम्लात विरघळवताना प्रत्येक वेळी एक भांडं रिकामं ठेवायचं. त्यात नुसतं आम्ल, दगड नाही. त्यात शिसं निघालं तर ते खोलीतलं.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात ते निघायला लागलं, लागोपाठ तीनदा. आम्ही आधी रस्त्याला शिव्या घातल्या. नव्या कॉलन्यांचे ट्रक, नव्या मोटारी, पेट्रोलचा धूर. पण शिशात हलके-जड अणू मिसळलेले असतात, आणि पेट्रोलच्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, मी स्वतः मोजलं होतं. हे दुसरंच होतं, आणि तिन्ही वेळा अगदी तेच. खोलीला खिडकी नाही, हवा गाळून येते. तरी कोणीतरी येऊन गेल्याची खूण रिकाम्या भांड्यात. एमएस्सी होऊनही मी तिथे एकटी जायला घाबरायचे, लपवत नाही.

आमचे प्रमुख हरिदास सर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर श्यामकांत स्टोअरमध्ये. मला संताप आला. काकांना निवृत्तीला एक वर्ष होतं. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी कुमुदकाकू वारल्या होत्या, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर ओस पडलं होतं. त्यांच्याकडे उरलं होतं ते हे कण वेचणं.

एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत होते. डोक्याला टोपी बांधण्याआधी काकांनी खिशातून कंगवा काढला आणि नीट भांग पाडला. कंगव्याच्या दातांत केशरी धूळ होती. दिल्लीत आल्यावर शेजारणींचं बघून काकू भांगात सिंदूर भरायच्या, करोल बागेतला, स्वस्तातला. तसल्या सिंदुरात शिसं असतं, हे मला तेव्हा आठवलं.

"काका, हा कंगवा?"

"तिचा. याच्याच टोकाने भरायची. मी रोज वापरतो."

मी त्या धुळीतलं शिसं मोजलं. आकडे तंतोतंत जुळले. त्या बंद खोलीत खरंच कोणीतरी येत होतं, रोज, काकांच्या केसांतून.

मी सांगितल्यावर काकांनी कंगवा रुमालात गुंडाळून घरी कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यात रिकामं भांडं खरंच रिकामं निघालं. हरिदास सरांनी समोसे मागवले. काकांची जागा वाचली, मी आनंदाने आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कागद उचलून वाचला. एक हात केसांवरून फिरत होता.

"काहीच नाही?"

"बिलकूल नाही, काका."

"नीला," ते हळूच म्हणाले, "अजून एकदा मोजून बघतेस का?"